मोज्यातली बाटली

"ओला दोर... कोळसा... दवाखान्यातला कापूस... आणि शेवटी, अगदी शेवटी, मिरी."

मी डोळे मिटून पुटपुटत होते. हातात बोटभर उंचीचा पेला, बाहेर पावसाची भुरभुर, आणि मी त्या बाटल्यांच्या दुकानात मागच्या बाजूला, जिथे विकत घेण्याआधी चाखून बघता येतं, त्या कट्ट्याला टेकून उभी. पुन्हा एकदा हुंगलं. दोर, कोळसा, कापूस, मिरी.

"झालं का पाठांतर? की मी प्रश्न विचारू?"

डोळे उघडले. शेजारी एक उंच माणूस उभा होता. निळा शर्ट, खांद्यावर पावसाचे थेंब, चेहऱ्यावर दाबूनही स्पष्ट दिसणारं हसू. आणि डाव्या कानाच्या पाळीवर पांढरंशुभ्र पीठ.

"तुमच्या कानाला पीठ लागलंय," मी म्हणाले. एरवी अनोळखी माणसाला असं तोंडावर उत्तर देणं मला जमत नाही; दोन तासांनी, घरी गेल्यावर सुचतं.

त्याने उजवा कान पुसला.

"दुसरा."

"बेकरी आहे माझी," कान चोळत तो म्हणाला. "लोकांना घाम येतो, मला पीठ येतं. ही घेताय तुम्ही?"

"हो. वडिलांसाठी. त्यांना धुराची व्हिस्की आवडते."

"आणि तुम्हाला?"

किती साधा प्रश्न! मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर भिंग बदलत मी लोकांना विचारते, 'आता बरं दिसतंय, की आधी?' आणि लोक पटकन सांगतात. मला मात्र काय आवडतं, हे गेल्या दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं... मी स्वतःसुद्धा नाही.

"माझं... तसं काही नाही," मी म्हणाले, आणि काहीतरी बोलायचं म्हणून त्याला ते भिंगांचंही सांगून टाकलं.

त्याने दुसरा पेला माझ्यापुढे सरकवला. "ही घ्या. पाठ काही करायचं नाही. नुसती प्यायची."

मी घोट घेतला. मध आला, मग सफरचंदाची साल, आणि मग भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावाच्या पाठीसारखं काहीतरी खरपूस, गोड. माझ्या नकळत माझ्या भुवया वर गेल्या.

"बोला," तो अगदी माझ्याच दुकानातल्या सुरात म्हणाला, "आता बरं, की आधी?"

"आता..." मी म्हणाले, आणि गाल गरम झाले. दोष व्हिस्कीला दिला. ती बिचारी काय बोलणार!

मी धुराचीच बाटली घेतली. पैसे द्यायच्या रांगेत तो माझ्या मागे उभा होता, ती मधाची बाटली काखेत मारून. गल्ल्यावरच्या बाई माझ्या ओळखीच्या, आणि तोंडाला कुलूप नसलेल्या. "अगं, उद्या तुमच्याकडे मंडळ ना? यांनाही बोलाव की. रोज येऊन माझं डोकं खातात, 'ही कशी, ती कशी'. तुम्ही सगळे मिळून त्यांचं खा!"

"मोजा आणावा लागेल," मी त्याच्याकडे न बघता म्हणाले. "बाटलीसाठी."

"एक आणू की जोडी?" त्याने विचारलं.

त्या संध्याकाळी मी घरी जाताना छत्री उघडायची विसरले.

आता मंडळाविषयी सांगायला हवं. दर शनिवारी दुपारी आमच्या बैठकीच्या खोलीत बाबांचे दोस्त जमतात. बाबा जहाजावर इंजिनिअर होते. त्यांच्याबरोबर शाळेत असलेले, दातांचे डॉक्टर म्हणून दातवाले काका, आणि वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई. प्रत्येकाने आपली सगळ्यात नवी बाटली मोज्यात घालून आणायची, म्हणजे नाव दिसत नाही. चव घ्यायची, पहिला शब्द बाबांचा. मग मोजा काढायचा आणि ज्याने आणली त्याने सांगायचं: हीच का घेतली? खरं खरं. 'छान वाटली' हे कारण वकीलबाई मान्य करत नाहीत; उलटतपासणी घेतात. आई त्या दिवशी मावशीकडे जाते, कारण तिच्या मते सगळ्या बाटल्यांना एकच वास येतो, औषधाचा.

आणि गुपित असं, की बाबांना वासच येत नाही. दोन वर्षांपूर्वी मोठा ताप आला, तो गेला आणि वास घेऊन गेला. हे फक्त मला माहीत होतं. "ज्याला नाक नाही त्याने तिथे बसायचं कशाला?" असं ते तेव्हा म्हणाले होते आणि सलग तीन शनिवार आजारपणाचं निमित्त काढून खुर्चीत भिंतीकडे बघत बसले होते. ते बघवेना म्हणून मीच हा उद्योग काढला. आमची बाटली नेहमी त्यांच्या करड्या मोज्यात. करडा मोजा दिसला की पाठ केलेलं म्हणायचं. इतरांची असेल तर मी शेजारी बसून आधी हुंगायची आणि खुणा करायच्या. कानातलं चाचपलं की धूर, हनुवटीला हात लावला की गोड. बाबा बोलायचे आणि सगळे माना डोलवायचे. त्यांचा शनिवार असा मी जिवापाड सांभाळत होते.

दुसऱ्या दिवशी दारावरची बेल वाजली तेव्हा मी तिसऱ्यांदा केस विंचरत होते. दारात बेकरीवाला. आज दोन्ही कान स्वच्छ. एका हातात गरम पावाची पिशवी, दुसऱ्या हातात हिरव्या मोज्यातली बाटली.

"बघा, जोडी नाही आणली," तो हळूच म्हणाला. "एकाच पायावर आलोय."

मी हसले ते जरा जास्तच मोठ्याने. आतून बाबांनी खाकरून दाखवलं.

"अहो, हे चालायचं नाही!" वकीलबाईंनी बाटली हातात घेताच हरकत घेतली. "तुमच्या मोज्याला भोक आहे. अर्धं नाव दिसतंय!" आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी बाबांच्या कपाटातून दुसरा मोजा आणून त्या बाटलीला चढवला.

तो करडा होता. आमच्याच जोडीतला.

मला हे दिसायला हवं होतं. पण बेकरीवाला पाव कापत होता, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, मनगटावर भाजल्याची जुनी खूण, आणि कापता कापता मध्येच वर बघून तो माझ्याकडे... माझं लक्ष कुठे होतं ते वेगळं सांगायला नको. दातवाल्या काकांनी पेले भरले. बाबांनी करडा मोजा पाहिला, पेला नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

त्याच क्षणी मला वास आला. मध. सफरचंद.

मी हनुवटीला हात लावला. हनुवटी चोळली. हनुवटी जवळजवळ ओढून काढली. पण बाबांचे डोळे मिटलेलेच.

"वा!" ते म्हणाले. "ओला दोर. कोळसा. दवाखान्यातला कापूस... आणि शेवटी, अगदी शेवटी, मिरी!"

दातवाल्या काकांनी पुन्हा हुंगलं. वकीलबाईंनी चष्मा सारखा केला. "कोळसा? कुठे आहे कोळसा?"

बाबांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. माझाही उडाला असणार, कारण बेकरीवाला आधी माझ्याकडे बघत राहिला, मग बाबांकडे. दोर, कोळसा, कापूस, मिरी. काल त्याने हे सगळं माझ्या तोंडून ऐकलं होतं, त्याच क्रमाने.

त्याने मोठा घोट घेतला. "आहे की," तो ठामपणे म्हणाला. "कोळसा आहे."

"अहो, ही तर तुमचीच बाटली!" वकीलबाईंनी मोजा उपसला. "आणि हिच्यावर लिहिलंय मध."

"ती... रात्रभर भट्टीशेजारी ठेवली होती मी," तो म्हणाला. "धूर आत गेला असणार. बुचातून."

इतकं वाईट खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि इतकं आवडलेलंही नव्हतं.

बाबांनी पेला खाली ठेवला. "राहू दे हो, बेकरीवाले. तुमचा धूर बुचातून नाही आला, माझ्या पाठांतरातून आला. मला वास येत नाही. त्या तापापासून. ही पोरगी हुंगते आणि मी बोलतो." ते उठले. "तुम्हाला फसवलं. पुढच्या शनिवारपासून तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी जमा. मला माफ करा."

मला रडू फुटायच्या बेतात होतं. ज्याची धास्ती होती तेच झालं, आणि तेही माझं लक्ष पावावर असल्यामुळे.

"थांब रे," दातवाले काका म्हणाले. "तरीच! आधी तू नुसतं 'बरी आहे' म्हणायचास. दोन वर्षांत एवढा बोलका कसा झालास, हे कोडंच होतं मला."

मग बेकरीवाला उठला आणि बाबांचा पेला त्यांच्या हातात परत दिला.

"काका, वास सोडा. तोंडात काय होतंय ते सांगा मला. खरंच विचारतोय. मी या बाटलीला सारखा हुंगत बसतो, बाकी काही कळतच नाही मला."

बाबा थोडे घुटमळले. मग त्यांनी घोट घेतला, जिभेवर फिरवला.

"जाड आहे," ते सावकाश म्हणाले. "वंगणासारखी. आधी काहीच करत नाही, नुसती बसून राहते... मग घशात उशिरा पेटते. थंडीत इंजिन सुरू होतं ना, दोनदा खोकून मग एकदम, तशी." त्यांनी आणखी एक घोट घेतला. "आणि आच खाली पोटापर्यंत जाते. राहते तिथे."

सगळ्यांनी पेले उचलले. "पेटली!" वकीलबाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "अगदी उशिरा! मला हे कधी जाणवलंच नव्हतं. बसा तुम्ही. वास आलाच पाहिजे असा नियम या मंडळात कधी नव्हता, आणि मी असेपर्यंत होणार नाही."

बाबा बसले. त्यांचे डोळे ओले होते आणि ते लपवतही नव्हते.

"आता नियमाप्रमाणे," वकीलबाई बेकरीवाल्याकडे वळल्या, "हीच बाटली का घेतली? आणि आता खरं बोला, तुमचं खोटं आम्ही ऐकलंय."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पावाच्या तुकड्यांकडे. "घरी हीच बाटली आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "अर्धी भरलेली. दुसरी घेतली, कारण... रिकाम्या हाताने पैसे द्यायच्या रांगेत उभं राहता येत नाही. आणि मला यांच्या मागे उभं राहायचं होतं."

मी पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळाले. पाण्याचा तांब्या बाहेरच होता, तरी.

संध्याकाळी आई परतल्यावर बाबांनी तिलाही सगळं सांगून टाकलं. "माहितीये मला," ती म्हणाली. "दूध करपून घरभर धूर झाला होता आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात. म्हटलं, सांगाल तेव्हा सांगाल." मग माझ्याकडे वळून, "आणि हा पाव कुणी आणला?"

"हिच्या रांगेत मागे उभा असतो तो," बाबा म्हणाले. "पोरी, पुढच्या शनिवारी तुझी बाटली आण. माझ्यासाठी नाही. तुझी. आणि कारणही तुझंच सांग."

तो आठवडा कसा गेला विचारू नका. एका आजोबांना मी उलटं भिंग लावलं आणि 'आता बरं?' विचारलं. दुकानातल्या बाटल्या चाखून जीभ थकली. शेवटी शुक्रवारी संध्याकाळी बेकरीत जाऊन उभी राहिले. तो रिकामे ट्रे रचत होता.

"मला एक बाटली सुचवा ना," मी म्हणाले.

"नाही."

"का?"

"मी सुचवली तर ती माझी आवड झाली." त्याने हात झटकले, पिठाचा ढग उठला. "मला तुमची बघायचीय. मी पंधरा मिनिटांपूर्वीच बेकरी बंद करणार होतो, पण म्हटलं, तुम्ही याल... जा ना! बाटल्यांचं दुकान बंद होईल."

मी गेले. जवळजवळ धावतच. आणि या वेळी मी बाईंना चवीचं काही विचारलंच नाही, एक वेगळीच गोष्ट विचारली. त्यांनी शिडी लावून अगदी वरच्या फळीवरची बाटली काढून दिली.

शनिवारी माझ्या बाटलीला माझाच मोजा होता, पिवळा. सगळ्यांनी एक घोट घेतला आणि सगळेच खोकले. बाबा सगळ्यात जास्त. "अगं, ही तर बॉयलर आहे!" ते आनंदाने ओरडले.

"कारण?" वकीलबाईंनी डोळे पुसत विचारलं.

मी दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि सरळ त्याच्याकडे बघून बोलले. बाकीच्यांकडे बघितलं असतं तर जमलंच नसतं.

"ही फार जोरकस आहे. पाणी घालून, थांबत थांबत, थोडीथोडीच प्यावी लागते. मी बाईंना विचारलं, तुमच्याकडची सगळ्यात सावकाश संपणारी बाटली कुठली? मला अशी हवी होती, जी संपायला खूप शनिवार लागतील. आणि ते सगळे शनिवार... मला तुम्ही इथे, माझ्यासमोर बसलेले हवे आहात."

दातवाल्या काकांचा पेला अर्ध्यावरच थांबला. वकीलबाईंनी तोंड उघडलं, पण बाबांनी हात वर केला. "कारण मान्य."

बेकरीवाल्याचे दोन्ही कान लाल झाले होते. त्याने बाटलीचं बूच घट्ट बसवलं, ती माझ्याकडे सरकवली आणि हात तिच्यावरच राहू दिला. माझाही तिथेच होता.

"नुसते शनिवार?" तो हळूच म्हणाला. "आणि रविवारी काय करतेस तू?"