न कुजलेल्या लेंड्या

"बाई, सांजच्याला गावाची बैठक हाय. आमची मेंढरं वळसंगच्या रानात पुन्ना बसू द्यायची न्हाईत म्हनत्यात. आमी जावं कुटं?" मेंढपाळ गोजाबाई लीलाताईंपुढं रडकुंडीला आली होती.

शहाजीची डाळिंबाची बाग उभी वाळत होती आणि खापर फुटलं गोजाबाईच्या मेंढ्यांवर! गेल्या उन्हाळ्यात खतासाठी त्या बागेत बसवल्या, तेव्हा त्यांनीच मर रोग आणला म्हणे.

सोलापूरच्या गुप्तहेर लीलाताई बागेत शिरल्या. मागं त्यांचा मदतनीस सुबोध. किड्याची किरकिर नाही, गवताची काडी नाही. पायाखालच्या लेंड्या मात्र अजून टणक होत्या.

"त्यातच रोग हाय!" शहाजी करवादला. "मी बाजार बघतो, बाग ही माजी बायकू रुपाली बघती. इषाचा थेंब घालत न्हाय आमी."

बांधापलीकडं गुरुशांतची बाग हिरवीगार होती. "माज्याकडं बी तीच मेंढरं बसली की," तो म्हणाला. तिथल्या लेंड्यांची केव्हाच माती झाली होती.

"मग ह्यानंच कायतरी फवारलं!" शहाजी खवळला.

सुबोधला ते पटलं. पण शहाजीची बांधालगतची झाडंच टवटवीत होती, बुंध्याशी गवतही होतं.

"तण कोण काढतं?" लीलाताईंनी रुपालीला विचारलं.

"बायका खुरपत्यात की."

"गवत कोण नेतं?"

"कोन नेतंय? तितंच टाकत्यात."

बैठकीत लीलाताई म्हणाल्या, "मेंढ्यांनी रोग आणला असता तर गुरुशांतची बागही गेली असती. गुरुशांतनं फवारलं असतं तर बांधाकडची झाडं आधी गेली असती. लेंड्या कुजवतात मातीतले जीवाणू. इथं तेच मेलेत. वारंवार तणनाशक पडलं आणि मर रोगाच्या बुरशीला रान मोकळं मिळालं."

"पण कुणी?" सुबोधनं विचारलं.

"अरे, खुरपणारी बाई शेळीसाठी गवताचा भारा डोक्यावर घेतल्याशिवाय घरी जाते का? इथं खुरपणी झालीच नाही. मालक बाजाराला गेले की रुपालीची फवारणी. बांधाकडं नाही, गुरुशांतला दिसेल म्हणून."

रुपाली पुढं आली. "खुरपायला बायका येईनात. ह्यांना कसं सांगू? बिनइषारी बागेचा लई तोरा ह्यांना."

"म्हनून माजी मेंढरं देशोधडीला लावत हुतीस व्हय गं?" गोजाबाई कडाडली.

शहाजीचा चेहरा पडला. "बाई, माती सुदरंल का?"

"फवारा थांबवा, लेंडीखत घाला. वेळ लागेल. मधली झाडं मात्र गेली."

शहाजीनं हात जोडले. "वैनी, मेंढरं बसवा की पुन्ना."

गोजाबाई उठली. "माज्या लेकरावानी हायत ती. त्या इषावर न्हाय बसवायची," म्हणाली, आणि निघून गेली.