अश्विनीचं फोल्डर

२०१९ सालची ही गोष्ट. मे महिना होता. जागा बऱ्हाणपूरची, शनवारा वेशीजवळचं माझ्या भावाचं घर. हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही. मी तिथे बसले होते. ज्यांना पटणार नाही, त्यांनी वाचून सोडून द्यावं.

माझा भाचा निरंजन केळीच्या गाड्यांचं बुकिंग करणाऱ्या एका ऑफिसात होता. त्याची पहिली बायको अश्विनी, इच्छापूरची. तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. नंतर शाहपूरची तृप्ती घरात आली. मुलगी शांत, कामाला चांगली.

माझी आईसुद्धा दुसरेपणावर दिलेली होती. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक, म्हणजे कोरलेला छोटा पत्रा, असायचा. सणाला पुरणपोळीचा पहिला घास ती त्या टाकाला लावायची, मग स्वतः खायची. पहिलीच्या माहेरचे लोक आईला लेक म्हणायचे. टाकही त्यांनीच बांधला होता. गेलेल्या बाईला घरात जागा ठेवायची, ही तेव्हाची रीत.

तृप्तीला असा टाक करा, असं मी लग्नाआधीच सुचवलं. प्रतिभा वहिनी, म्हणजे निरंजनची आई, हसली.

“ताई, आता कोण घालतं ते? लोक नावं ठेवतील.”



त्या दुपारी बाहेर लूच्या गरम झळा चालल्या होत्या. कूलर घरघरत होता. नव्या लग्नाचा व्हिडिओ फोटोग्राफरने पाठवला होता, पण कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती. अश्विनीच्या नावाचं एक फोल्डर जागा अडवून बसलं होतं. तिच्या लग्नाचा व्हिडिओ, हळदीचे फोटो, डोहाळजेवणाचे फोटो. होय, पोटुशी असतानाच गेली ती.

तृप्ती म्हणाली, आधी पेनड्राइव्हमध्ये घेऊन घेऊ. अश्विनीच्या आईने, भागाबाईने, ते फोटो मागितले होते. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन, लेकीचा एकही फोटो नव्हता.

“कशाला जुनं उकरायचं?” वहिनी म्हणाली. “डिलीट कर रे सगळं. मेलेल्या माणसाचं घरात ठेवू नये.”

“बरोबर आहे. फालतूमध्ये जागा अडकलीय,” निरंजन म्हणाला.

मग त्याने सगळ्यांचे फोन मागितले. माझाही.

“दे आत्या, तुझा पण साफ करून देतो.”

मी देत नव्हते. त्याने हातातून काढूनच घेतला.

शेवटी कॉम्प्युटरने विचारलं, कायमचं काढायचं का?

निरंजनने ‘हो’वर बोट दाबलं.

आणि...

कूलरचा आवाज थांबला.

लाइट होती. पातं फिरत होतं. हवा अंगाला लागत होती. फक्त आवाज नव्हता.

तृप्ती माझ्याकडे बघून काही बोलली. तिचे ओठ हललेले मला दिसले.

ऐकू काहीच आलं नाही.

मग एकदम घरघर सुरू झाली. निरंजन म्हणाला, मोटर खराब झाली असेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवा व्हिडिओ लावला. मांडव दिसला. वऱ्हाडी दिसले. अंतरपाट खाली आला...

समोर कोणी नव्हतं.

निरंजन हार घालायला वाकला होता. शेजारच्या खुर्चीवर लाल गादी होती. खुर्ची रिकामी.

तृप्ती माझ्या बाजूलाच बसली होती. तिने माझा हात घट्ट धरला.

निरंजन फाइल घेऊन फोटोग्राफर चंदनच्या दुकानात गेला. चंदन म्हणाला, “आमच्याकडे तर साफ दिसतायत तृप्ती वहिनी.” खरंच, तिथे तृप्ती दिसत होती. तीच फाइल घरी आणली... पुन्हा खुर्ची रिकामी.

वहिनी म्हणाली, आपल्या कॉम्प्युटरमध्ये काही बिघाड आहे. विषय संपला.

पण बिघाड कॉम्प्युटरपुरता राहिला नाही.

जेवायला ताटं वाढली की एक ताट कमी असायचं. कोणाच्या लक्षात यायचं नाही. तृप्ती उठून स्वतःचं ताट आणायची. शेजारची कविता दारात येऊन परत गेली आणि मला म्हणाली, तुमच्या भावाकडे कोणीच नव्हतं. दार तर तृप्तीने उघडलं होतं.

आधी मला वाटलं, सुनेकडे दुर्लक्ष आहे हे. आमच्याकडे त्याला भूत लागत नाही.

मग एकदा घरातली माणसं लग्नाला देडतलाईला गेली. माझं घर समोरच. गाडी गेल्यावर मला ठक... ठक... ऐकू आलं.

कुलूप लावलेल्या दारामागून.

माझ्याकडे दुसरी किल्ली होती. दार उघडलं तर उंबऱ्याशी तृप्ती. नवी साडी, एक चप्पल पायात, एक हातात.

“आत्या, मी त्यांच्या मागेच उभी होते. चपला घालत होते. यांनी माझ्याकडे बघून कुलूप लावलं.”

रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

हातातली चप्पल खाली ठेवून म्हणाली, “तो टाक मला करून द्या. नाहीतर मी उरणार नाही या घरात.”

टाक बांधायचा तर पहिलीच्या आईच्या हातून. म्हणून मी तिला घेऊन इच्छापूरला गेले. भागाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. नजर चांगली होती बाईची. बारीक खडे वेचत होती.

तिने मान वर केली. माझ्याकडे पाहिलंच नाही.

“आशू... किती वाळलीस गं.”

मी सांगितलं, ही अश्विनी नाही, तृप्ती आहे. टाकासाठी आलोय.

भागाबाई हसली. “जित्या लेकीचा टाक कोणी करतं का?”

मी तृप्तीकडे पाहिलं. वाटलं, आता ही नाही म्हणेल.

ती खाली वाकून पाया पडली.

“नाही करत, आई,” ती म्हणाली, आणि सूप पुढ्यात ओढून तांदूळ निवडायला बसली.

मी खूप विनवलं. ती उठली नाही. मी एकटी परत आले.

निरंजन तिला आणायला गेला होता. परत येऊन म्हणाला, म्हातारी एकटीच राहते, तृप्ती तिथे नाही. चहा मिळाला का, असं मी विचारलं. मिळाला म्हणाला. भागाबाईने कप मात्र तीन मांडले होते म्हणे.

प्रतिभा वहिनी आता नाही. शेवटी तिला कोणत्याच सुनेचं नाव आठवत नव्हतं. निरंजनने खंडव्याला बदली करून घेतली, तिसरं लग्न केलं नाही. कॉम्प्युटर भंगारात गेला. चंदनकडे ती फाइल अजून आहे, पण तो कोणाला दाखवत नाही.

तृप्तीचे वडील दिगंबर शाहपूरहून तिला भेटायला जातात. ती त्यांना पाणी देते, जेवू घालते. काका म्हणते. ते ऐकून घेतात आणि परत येतात.

भागाबाई ठणठणीत आहे.

मागच्या वर्षी मी इच्छापूरला गेले, तेव्हा माझ्या फोनमध्ये तृप्तीचा फोटो काढला. ओट्यावर उभी आहे, हसतेय. तिथे मी तो दोनदा उघडून पाहिला.

इथे बऱ्हाणपुरात अजून उघडलेला नाही.