इच्छेचा भार

शुक्रवारी सकाळी कुवेतमधल्या रिग्गईतल्या त्या फ्लॅटमध्ये एसीच्या घरघरीखेरीज आवाज नव्हता. चारुशीला पोळ्या लाटत होती, सासूबाई बाल्कनीच्या दाराशी मेथी निवडत होत्या, आणि प्रताप कॉम्प्युटरवर आपल्या आईचं पुढे काय करायचं ते ठरवत होता.

मीना अब्दुल्ला भागातल्या रिफायनरीत तो याच कामासाठी ओळखला जाई. पंप कुठला घ्यायचा, टाकी कुठे बांधायची, असा पेच आला की साहेब त्याला बोलावत. तो आधी निकष ठरवी. महत्त्वाप्रमाणे प्रत्येक निकषाला भार देई. सगळे भार मिळून शंभर. मग प्रत्येक पर्यायाला निकषागणिक गुण. गुणाकार, बेरीज, उत्तर. भांडणं मिटत. कुणाला मनातून काय वाटतं, हा प्रश्नच उरत नसे.

आईसाठी तीन पर्याय होते. इथे कुवेतला, नाशिकला धाकट्या बहिणीकडे, म्हणजे मुक्ताकडे, किंवा नाशिकच्याच एका वृद्धाश्रमात. निकष म्हणून त्याने औषधपाणी, हवामान, सोबत, घरातली जागा आणि आईची इच्छा असं सगळं धरलं. इच्छा सर्वांना ठाऊक होती. वडील गेल्यावर, दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात आई इथे आली तेव्हाच म्हणाली होती, "आता मला तुझ्यापासून लांब नको ठेवू रे."

इच्छेला त्याने तीस दिले. उत्तर आलं, कुवेत.

तो पडद्याकडे पाहत राहिला. मागच्या आठवड्यात साहेब जेवायला आले होते. टेबल मांडलेलं असताना आई खाली मांडी घालून बसली, आणि वरणभाताचा हात तसाच धरून साहेबांना म्हणाली, "तुम्ही बी बसा की खाली." सगळे हसले. प्रतापही हसला, पण त्याचे कान तापले होते. हे कुठल्या निकषात लिहायचं?

त्याने तीसचे पाच केले. उरलेले औषधपाण्याला आणि जागेला वाटून टाकले. उत्तर आलं, वृद्धाश्रम.

चारुशीला हात पुसत मागे येऊन उभी राहिली. "आईंच्या इच्छेला पाचच?"

"बेरीज शंभरच व्हायला हवी ना."

पोळी करपल्याचा वास आला तशी ती आत गेली.

पहिल्यांदा त्यांच्या लेकीच्या, जुईलीच्या लक्षात आलं. "डॅडी, आजी चालते तेव्हा साउंडच येत नाही."

"वय झालंय तिचं," प्रताप म्हणाला.

मग जमियाच्या, म्हणजे तिथल्या सहकारी सोसायटीच्या, सुपरमार्केटचं दार. पायाखालची चटई दबली की ते आपोआप उघडे. आई चटईवर उभी राहिली, दार बंदच. जणू चूक तिचीच असावी तशी ती संकोचून मागे पाहू लागली. प्रतापने पाय ठेवताच दार सरकलं. बिघडलं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण त्यांच्यामागून एक छोटी मुलगी एकटीच पळत आली, आणि तिच्यासाठीही ते उघडलं.

इमारतीखाली रत्नागिरीच्या मुस्तफाचं किराणा दुकान होतं. एका संध्याकाळी आई तिथल्या पायरीवर अडखळली. मुस्तफाने धावत येऊन तिला अलगद उचललं आणि खुर्चीत बसवलं. मग तो आपल्या हातांकडे बघत राहिला.

"प्रतापभाई," तो बाजूला येऊन हळूच म्हणाला, "आजींना पोटभर खायला घालता ना?"

प्रतापला मान वर करता आली नाही. आई रोज दोन वेळा व्यवस्थित जेवत होती. तिचे गाल, तिचे दंड, सगळं पहिल्यासारखंच भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने ते कोष्टक उघडलं आणि इच्छेला पन्नास दिले. उत्तर कुवेत आलं. तो घाईने घरी आला. गालिचा नुकताच झाडला होता. जुईलीची पावलं त्यावर स्पष्ट उमटली होती. आई त्याच गालिच्यावरून चालत आली, आणि तिच्यामागे काहीच उमटलं नाही.

तिकीट निघालं होतं, आश्रमातली खोली ठरली होती. रद्द करायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मुक्ताला, चारुशीलाला, आईला. त्याने सांगितलं नाही.

निघायच्या दुपारी आई सोफ्यावर बसली होती.

"मला धरूनच ठरवलंस ना रे सगळं?"

"हो आई. तुझी इच्छाही धरलीय त्यात."

"किती?"

आकड्यांचं तिला कुणीच सांगितलं नव्हतं. त्याने चारुशीलाकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"किती धरलीस, प्रताप?"

"पुष्कळ," तो म्हणाला.

आईने त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळलं. त्याची लाज त्याला लपवता यावी म्हणूनच जणू. मग ती उठली.

सोफ्याची गादी वर आली नाही. ती दबलेलीच नव्हती.

तिला पोचवून परतल्यावर कितीतरी दिवस त्याला फोन करायचं धाडस झालं नाही. केला तेव्हा आश्रमाच्या ताईंनी उचलला.

"मजेत आहेत हो. जेवतात, भजनाला बसतात, कुणाला कसला त्रास नाही." ताई जरा थांबल्या. "फक्त अंगणात नेलं की आम्ही त्यांचा हात सोडत नाही. वारा असतो ना."