एक्केचाळीस नंबरची बॅग

"थांब, हलू नकोस," मोजपट्टी म्हणाली आणि तिनं भोपळ्याच्या पाठीवरची बॅग दोन्ही हातांनी धरली.

खेळ ऐन रंगात आला होता, त्यामुळे भोपळा वैतागला. हा गोलमटोल मुलगा आठवड्यापूर्वीच शेजारी राहायला आला होता. नव्या बॅगेचं त्याला इतकं कौतुक होतं, की खेळतानाही तो ती काढत नसे. किमतीचा कागदसुद्धा अजून बंदाला लटकत होता.

मोजपट्टी सुट्टीसाठी मावशीकडे आली होती. दिसेल ते मोजून बघण्याच्या खोडीमुळे हे नाव तिला मावसभावानं, म्हणजे तुरतुऱ्यानं दिलं होतं. तिनं बॅगेचा आतला कप्पा उलटा केला. शिवणीजवळ पिवळ्या दोऱ्यानं भरलेला आकडा होता : एक्केचाळीस.

"ही आईनं शिवलेली बॅग!" तुरतुऱ्या म्हणाला.

मावशी प्रत्येक बॅगेत असा नंबर भरायची आणि पाचशे रुपये लिहिलेला कागदही त्याच दोऱ्यानं टाचून द्यायची. या बॅगेवरचा कागद मात्र प्लास्टिकच्या दोरीनं अडकवलेला होता. त्यावर सातशे लिहिलं होतं आणि खाली लाल शाईत, 'तीस टक्के सूट'. शेजारी कापलेल्या पिवळ्या दोऱ्याची दोन टोकं उरली होती.

मावशीच्या बॅगा एकाच दुकानात विकल्या जात, बॅगवाल्या काकांच्या. काका नात्यातले नव्हते, पण मावशी त्यांना भाऊच मानायची. बॅग ज्या किमतीला विकली जाईल, तिच्यावर वीस टक्के कमिशन त्यांचं, बाकी पैसे मावशीचे, असं ठरलेलं होतं. पण यंदा काका म्हणाले होते, की सूट दिल्याशिवाय कुणी बॅगेला हात लावत नाही. पाचशेची बॅग साडेतीनशेला जाते. त्यातून कमिशनचे सत्तर वजा झाले, की मावशीच्या हाती दोनशे ऐंशी. कापड, चेन आणि दोरा यांतच दोनशे चाळीस जात. एका बॅगेमागे चाळीस रुपये नफा! एवढ्यावर घर चालेना, म्हणून मावशीनं मशीन विकायला काढलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस ते न्यायला येणार होता. मग मावशी दुसऱ्या गावी कारखान्यात कामाला जाणार आणि तुरतुऱ्या आजोबांकडे राहणार होता. त्याबद्दल तो बोलत नसे, पण दोन दिवस त्याचं जेवणात लक्ष नव्हतं.

"सातशेवर तीस टक्के सूट म्हणजे चारशे नव्वद," मोजपट्टी हळूच म्हणाली.

तरी तिचा विश्वास बसेना. टक्केवारी तिला काकांनीच शिकवली होती. ती आठ वर्षांची असताना त्यांनी दुकानाच्या टेबलावर लिंबाच्या शंभर गोळ्या मांडल्या होत्या आणि त्यांतल्या वीस बाजूला सरकवून म्हणाले होते, हे झाले वीस टक्के. निघताना दर वेळी एक गोळी हातावर ठेवून ते म्हणत, "तुला शंभर टक्के सूट."

कदाचित कागदांची अदलाबदल झाली असेल, असं ती दोघांना आणि स्वतःलाही सांगत होती. तुरतुऱ्याला मात्र आत्ताच्या आत्ता जाऊन जाब विचारायचा होता. शेवटी तिघांनी एक बेत केला. भोपळ्याला काका ओळखत नव्हते. पावती हरवली, आईला दुसरी हवी आहे, एवढंच त्यानं म्हणायचं. हरवली हे तर खरंच होतं.

दुपारी मोजपट्टी आणि तुरतुऱ्या दुकानाबाहेर मोठ्या प्रवासी बॅगांच्या ढिगाऱ्यामागे दबा धरून बसले. काकांनी कुरकूर न करता चारशे नव्वदची पावती लिहून दिली. भोपळ्यानं मग ठरल्याबाहेरचा एक प्रश्न विचारला. बॅग छान आहे, कोण शिवतं?

"मोठ्या कारखान्यातून येते, बाळ," काका म्हणाले. आवाज नेहमीसारखाच गोड होता.

तुरतुऱ्यानं मुठी आवळल्या. मोजपट्टीनं त्याचा हात घट्ट धरला.

संध्याकाळी काका हिशेब पुरा करायला घरी आले. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी मोजपट्टीच्या हातावर गोळी ठेवली. साडेतीनशेच्या भावानं पैसे मोजले आणि मशीन चाललं म्हणून हळहळलेसुद्धा. मावशी मान खाली घालून ऐकत होती.

मोजपट्टी वही घेऊन पुढे आली.

"काका, एक गणित अडलंय. तीस टक्के सूट देऊन वस्तू चारशे नव्वदला विकली. तर मूळ लिहिलेली किंमत किती?"

गणित म्हटलं की काकांना राहवत नसे. "सोपं आहे. शंभरातले तीस गेले, उरले सत्तर. सत्तर टक्के म्हणजे चारशे नव्वद, तर दहा टक्के म्हणजे सत्तर. आणि शंभर टक्के म्हणजे..." त्यांचा आवाज मंदावला. "सातशे."

मोजपट्टीनं वहीतली पावती त्यांच्यासमोर ठेवली. शेजारी भोपळ्यानं एक्केचाळीस नंबरची बॅग उघडून ठेवली.

काकांनी आधी दुकानाच्या भाड्याचं सांगितलं, मग विजेच्या बिलाचं. शेवटी ते मोजपट्टीकडे वळले. "निदान तू तरी मला आधी विचारायचंस, पोरी."

"विचारलं होतं," ती भोपळ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "दुपारी. तुम्ही कारखाना म्हणालात."

मावशीनं पावती दोनदा वाचली. मग भाचीला म्हणाली, "यंदा विकलेल्या साठ बॅगांचे किती कमी आले, मांड."

चारशे नव्वदचे वीस टक्के अठ्ठ्याण्णव. मावशीचे व्हायला हवे होते तीनशे ब्याण्णव, मिळाले दोनशे ऐंशी. एका बॅगेमागे एकशे बारा कमी. साठ बॅगांचे सहा हजार सातशे वीस. आकडे मांडताना मोजपट्टीला सारखं वाटत होतं, की काकांनी मध्येच बोट ठेवून चूक दाखवावी. चूक नव्हती.

सकाळी काकांकडून पैशांचं पाकीट आलं. मशीन न्यायला आलेला माणूस रिकाम्या हातानं परत गेला. भोपळ्याच्या आईनं तिघांची पाठ थोपटली आणि आपल्या ओळखीच्या दोन दुकानांचे पत्ते दिले. "मी इतकी वर्षं माणूस बघितला, हिशेब बघितलाच नाही," मावशी म्हणाली. "बरं झालं, तू बघितलास." तुरतुऱ्यानं तीन पोळ्या खाल्ल्या.

मोजपट्टी मशीनपाशी बसून होती. फ्रॉकच्या खिशात कालची गोळी तशीच होती.

"तुला नको असेल तर मला दे," तुरतुऱ्या म्हणाला. "फुकटची आहे."

तिनं गोळी त्याला देऊन टाकली. "फुकटची नाही," ती म्हणाली. "तिची किंमत त्यांनी मावशीच्या बॅगांतून आधीच वसूल करून घेतली होती."