सातवी कॅसेट

दौंड स्टेशनाबाहेरच्या रसवंतीपाशी त्याने नेमकं राजश्रीलाच विचारावं, हा निव्वळ योगायोग.

"चांगदेव खलाशी… ते गिटारवाले, कुठं राहतात?"

"सहा वर्षं झाली त्यांना जाऊन," ती म्हणाली. "मी त्यांची मुलगी."

त्याच्या हातातला रसाचा ग्लास तसाच राहिला. आपल्या बापासाठी परक्या माणसाला एवढं वाईट वाटलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं, आणि तिथंच राजश्रीबाईसाहेब त्याच्यात गुंतल्या.

तो शिरूरचा आयुष. कुणी न विचारलेल्या गायकांची जुनी गाणी गोळा करून त्यांचे अल्बम काढायचा. चांगदेव रेल्वेतली खलाशाची, म्हणजे मदतनिसाची, नोकरी सांभाळून गावाकडच्या चालींवर गायचे, ढोलकीच्या जोडीला इलेक्ट्रिक गिटार घेऊन. लोक म्हणायचे, हे ना धड भारूड, ना धड सिनेमातलं. घरात त्यांच्या सात कॅसेटी उरल्या होत्या. दुसरी प्रत कुठंच नव्हती.

"मशीन जुनं आहे," आयुष म्हणाला. "लगेच तापतं. एका दिवसात एकच कॅसेट उतरवता येईल."

राजश्री आठवडाभर कारेगावात खोली करून राहायची, रांजणगावच्या कारखान्यात कामाला. रविवारीच घरी यायची. तोही रविवारीच न्हावऱ्यावरून मोटारसायकल दामटत येऊ लागला. कॅसेट फिरत असताना हेडफोनची एकेक बाजू कानाला लावून दोघं शेजारी बसायची.

"वडलांचा आवाज आला की तुम्ही डोळे मिटता," तो एकदा म्हणाला.

"म्हणजे तुमचं लक्ष गाण्याकडं नसतं तर…"

"असतं — अधूनमधून," म्हणून तो उगाच बटणं चाचपत बसला. त्या दिवशी राजश्रीला जेवण गेलं नाही.

तिची आई सोजरबाई दारातून एवढंच विचारायची, "माझं गाणं आलं का रं?" लग्नानंतर चांगदेवांनी तिच्यासाठी बांधलेलं गाणं सातव्या कॅसेटमध्ये होतं. घरातला टेप बंद पडल्यापासून तिने ते ऐकलं नव्हतं.

सहावी कॅसेट झाली आणि राजश्रीचा जीव टांगणीला लागला. सातवी संपल्यावर हा कशाला येईल? तिने ती पत्र्याला टेकलेल्या फळीवर लपवली आणि सापडत नाही म्हणून सांगितलं. आयुष आणखी तीन रविवार आला. दोघांनी हसत हसत ट्रंका उपसल्या, एकमेकांच्या केसांतली धूळ झाडली. तोवर मे महिना लागला होता. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी तिने कॅसेट खाली काढली, तर उन्हाने ती पापडासारखी वाकली होती. आतली फीत चिकटून गेली होती.

आयुषने जमेल ते सगळं करून पाहिलं आणि शेवटी हात टेकले. तेव्हा राजश्रीने खरं सांगून टाकलं.

"तुमचं येणं बंद होईल म्हणून… मीच लपवली."

तो मशीनची वायर गुंडाळू लागला.

"माझं मशीन नवं आहे," तो म्हणाला. "सातही पहिल्याच दिवशी झाल्या असत्या. मीच खोटं बोललो… तुमच्यासाठी."

हे ऐकायला ती इतके रविवार झुरली होती, आणि आता ते ऐकवत नव्हतं. दोघांपैकी एकाने जरी वेळेवर तोंड उघडलं असतं, तरी गाणं वाचलं असतं.

"आता येऊ नका," ती म्हणाली. "तुम्ही दिसलात की मला आईचं गाणंच आठवेल."

तो खरंच आला नाही.

दिवाळीच्या सुमारास अल्बम निघाला. चांगदेवांचं नाव पहिल्यांदाच कुठंतरी छापून आलं. शेवटच्या गाण्याच्या जागी 'सोजरबाईंसाठी' असं लिहिलं होतं. राजश्रीने मोबाईलवर तेच आधी लावलं. चांगदेव खाकरले. "सोजर, ऐक हां…" गिटारची एक तार वाजली, आणि पुढं नुसती खरखर. एवढं वाचवायला आयुषने किती दिवस घातले असतील, या विचाराने तिला रडू फुटलं. तिने त्याचा नंबर काढला, आणि न लावताच पुसून टाकला.

सोजरबाई मात्र पदर सावरून नीट बसली होती; गाणं गेल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"राजे, आता सुरू व्हईल न्हवं?"

"व्हईल, आई," राजश्री म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.