लांब पाठीची गाडी

त्या वर्षी चैत्रात मथुराबाई सोलापुरात गाड्या बघत हिंडत होत्या, आणि प्रत्येक गाडीचं मागचं दार आधी उघडत होत्या. इंजिनाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. माढ्याला दिलेल्या त्यांच्या लेकीला, तानाला, सातवा लागला होता. आधीची दोन पोटं वाया गेली होती. या खेपेला डॉक्टरांनी बजावलं होतं की हिला उठूबसू देऊ नका, आणि एसटीत तर पाऊल ठेवू देऊ नका. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं तर लेक आडवी निजवूनच आणावी लागणार होती.

त्यांचे यजमान हिंदुराव यांचा भवानी पेठेत चादरींचा व्यापार. गाडी त्यांना तशीही हवीच होती. त्यांचं मन एका निळ्या फियाटवर बसलं होतं.

"ह्यात काय लेक चादरीवानी घडी घालून ठिवायची?" मथुराबाई म्हणाल्या, आणि फियाट तिथंच संपली.

पुणे नाक्यापाशी मल्लिकार्जुनचं गॅरेज होतं. लिंबाच्या सावलीत एक राखी रंगाची स्टेशन वॅगन उभी होती. जुनी, पण निगा राखलेली. पुढच्या बाकामागं कुणीतरी फळ्या ठोकून भिंत केली होती आणि तिच्यात वीतभर काच बसवली होती. भिंतीमागं नुसती मोकळी जागा, दोन्ही बाजूंना लांब खिडक्या.

"बघा की अक्का," मल्लिकार्जुन म्हणाला. "अख्खं बिऱ्हाड मावतंय."

"बिऱ्हाड न्हाय, एक माणूस निजवायचंय."

"मग तर लईच झालं."

मथुराबाईंनी कोपरापासून बोटापर्यंत हात टाकत गाडीची पाठ बाहेरून मोजली. साडेचार हात भरली. मग आत वाकून मोजली, तर सहा. पुन्हा मोजली, साडेसहा. वाकल्यावर हात आखडत असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. आत बाळंतशेपाच्या धुरीचा वास होता, अगदी कालपरवाची असावी असा.

"कुनाची व्हती ओ ही?"

"हुती एका कुटुंबाची," मल्लिकार्जुन हात पुसत म्हणाला. "लई जपली त्यांनी."

फेरी मारून बघायचं ठरलं, मोडनिंबपर्यंत. मथुराबाईंनी घरून आणलेली गादी मागं अंथरली आणि स्वतःच तिच्यावर आडव्या झाल्या. लेकीला धक्के बसतील का, ते दुसऱ्या कुणाला कसं कळणार?

धक्का एकही बसला नाही. पाळण्यात घातल्यासारखं अंग हलत राहिलं. खिडकीतून चैत्रातली उजाड रानं मागं सरकत होती. मग कुठंतरी त्या रानांत हिरवी रेघ दिसली. मथुराबाईंनी डोळे मिटले, उघडले, तेव्हा ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती. पुढं कणसं भरली. माळ्यावर कुणी बाई गोफण फिरवत होती, तिचा हात दिसत होता, आवाज नव्हता. मग काढणी, मग कडब्याच्या गंजी. ऊन कोवळं व्हायचं, तापायचं, पुन्हा कोवळं व्हायचं. भूक नव्हती, तहान नव्हती. सासरी आल्यापासून पहाटे पाचला उठणारी ती बाई पोटभर झोपली. जागी होऊन कूस बदलून पुन्हा झोपली. असं किती वेळा झालं, त्यांना सांगता आलं नसतं.

दार उघडलं. मोडनिंबचा रस्ता, चहाचं हॉटेल, रानं होती तशीच उजाड.

"अगं, झोपलीस व्हय?" हिंदुराव हसत होते. "दीड तास घोरत व्हतीस का काय?"

मथुराबाईंनी पदर सावरायला हात उचलला आणि तो पुन्हा मांडीवर ठेवला. आदल्या दिवशीच काढलेली त्यांची नखं पेराएवढी वाढून बोटांवर वळली होती.

त्यांनी मुठी मिटल्या. येताना त्या पुढं बसल्या, दोघा पुरुषांच्या शेजारी अंग चोरून. नखं पदराखाली दडवून ठेवली. भीती वाटत होतीच, पण अंगातला पंचवीस वर्षांचा शिणवटा उतरला होता, तेही खोटं नव्हतं. तानाला अशीच झोप हवी होती. असाच बिनधक्क्याचा रस्ता.

"हीच घ्या," त्या म्हणाल्या.

चार दिवसांनी ते माढ्याला गेले. विहीणबाई बजाबाईंनी गाडीला वळसा घातला. "हिंदुराव, गाडी आणलीय का खोली?" म्हणत त्यांनी सुनेची ओटी भरली, शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. ताना गादीवर टेकली. पोटावर हात ठेवून चोहीकडं बघत राहिली.

"आई, तूबी ये की मागं. जागा लई हाय."

"तू पाय पसर निवांत. म्या म्होरं बसून ह्यास्नी खड्डं दावते," मथुराबाई म्हणाल्या, आणि तिच्या डोळ्यांकडं न बघता दार लावलं.

हिंदुरावांनी गाडी इतकी जपून चालवली की बैलगाड्या पुढं जाऊ लागल्या. मथुराबाईंनी काचेतून मागं पाहिलं. ताना झोपली होती, तोंडावर हसू होतं.

मोडनिंबला पाहिलं तर पाठमोरी बसून केस विंचरत होती.

मोहोळला काच आतून धुरकट झालेली. पलीकडं दोरीवर पांढऱ्या फडक्यांचे तुकडे हलत होते. ऊन लागू नये म्हणून टांगले असतील, मथुराबाईंनी मनाला सांगितलं. दोरी कुठून आली, ते विचारलं नाही.

सीना नदीच्या पुलावर मागून ठोकल्यासारखं झालं. एकदा. थोड्या वेळानं पुन्हा.

"दगड उडाला," हिंदुराव म्हणाले.

"जरा जोरात चालवा की."

"डाक्टर काय म्हणालेत? हळू."

मथुराबाईंनी पुन्हा मागं पाहिलं नाही.

पाच वाजता गाडी भवानी पेठेत शिरली. घरोघरी चादरींचे माग खडखडत होते. माढ्याहून निघून पाच तास झाले होते. हिंदुराव शेजाऱ्यांना हाका मारत होते. मथुराबाई मागं गेल्या, आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

मग दार उघडलं.

ताना बसलेली होती. पोट सपाट होतं. केस कमरेखाली आले होते. मांडीवर आठनऊ महिन्यांचं मूल होतं. गुटगुटीत, डोळ्यांत काजळ, खालच्या हिरडीला दोन दात.

"उघडलंस व्हय," ताना म्हणाली. आवाजात राग नव्हता. "लई हाका मारल्या गं. मग सोडून दिलं."

ती सावकाश उतरली. मूल आभाळाकडं बघून बावरलं, मागांच्या आवाजानं दचकलं. मथुराबाईंनी हात पुढं केले.

तानानं मुलाच्या कानाशी तोंड नेलं.

"भिऊ नगंस. ही तुजी आजी. म्होरं बसलेली असायची न्हाय का, तीच."

मुलानं मथुराबाईंकडं टक लावून पाहिलं. ओळख पटली, तसं त्यानं आईच्या खांद्यात तोंड लपवलं.