गोधडीतला भोंगा

"झालं पुन्हा सुरू," म्हणत कौतिकने दोन्ही कानांत बोटं घातली.

मागच्या दारावरचा भोंगा जीव खाऊन कोकलत होता. पुष्पामामी तव्यावरची पोळी तशीच टाकून धावली. अंगणात कुणीच नव्हतं. दोरीवर लुगडी वाळत होती, पाण्याच्या टाकीवर मांजर बसलं होतं आणि आबा आत खोलीत त्यांच्या खाटेवर शांत पडून होते.

"हे यंत्र आहे की उच्छाद?" मामी वैतागली आणि तिने बटण बंद केलं.

रुखमा धुळ्याहून मामाकडे, म्हणजे कौतिक आणि भटू या मामेभावांकडे, सुट्टीला आली, त्याला आठवडाही झाला नव्हता. पण भोंग्याची तिला सवय झाली होती. १९९१ सालचा मे महिना होता. जळगावात उन्हाने डांबर मऊ व्हायचं. मामाचं घर मेहरूण तलावाच्या बाजूला होतं आणि दुपार झाली की सगळं घर पाण्याखाली गेल्यासारखं गप्प व्हायचं. त्या वेळी रुखमा फरशीवर पालथी पडून खिडकीबाहेर थरथरणारी हवा बघत राही.

भोंगा चोरासाठी नव्हताच. तो आबांसाठी होता. झुलालआबा म्हणजे रुखमाच्या आईचे वडील. तापीकाठचं त्यांचं गाव धरणात गेलं, तेव्हापासून ते मुलाकडे राहत होते. अलीकडे त्यांना काल आणि आज यांतला फरक कळेनासा झाला होता. घराबाहेर पडले तर परतीची वाट सापडत नसे. म्हणून गिरधरमामाने मुंबईहून ती डबी मागवली होती. तिच्या पोटात पांढरा काचेसारखा डोळा होता. समोरून ऊबदार काही हललं की डोळ्याला कळे आणि भोंगा वाजे.

पण तो दिवसभर उगाचच वाजे. बसवणारा मिस्त्री म्हणाला, "यंत्राला खानदेशचं ऊन मानवत नाही, त्याला मी काय करू?" आणि चहा पिऊन निघून गेला. शेवटी मामाने ठरवून टाकलं की दिवसा बटण बंद ठेवायचं आणि रात्री लावायचं.

त्या संध्याकाळी आबा खाटेवर बसले होते. रुखमा त्यांना पाणी द्यायला गेली आणि थबकली. त्यांच्या धोतराची कड ओली होती आणि तिला हिरवं शेवाळ चिकटलं होतं.

"मामा, आबा कुठे गेले होते?"

"कुठे जाणार? नळाखाली पाय धुतले असतील," मामा वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाला.

रुखमाने नळाजवळ जाऊन पाहिलं. तिथे कोरडी फरशी होती. शेवाळाचा मागमूसही नव्हता.

रात्री गच्चीवर अंथरुणं पडली. डोक्यावर चांदण्या खाली आल्यासारख्या लोंबत होत्या. रुखमाने हळूच कौतिकला आणि नऊ वर्षांच्या भटूला शेवाळाचं सांगितलं.

"म्हणजे आबा तलावावर जातात?" कौतिक उठूनच बसला. "एकटे?"

"दुपारी सगळे झोपलेले असतात आणि बटण बंद असतं."

"मग आपण दाराशी पहारा करू," भटू म्हणाला.

"तू? तू तर जेवतानाही झोपतोस," कौतिक म्हणाला. भटूने त्याला उशी मारली.

रुखमाच्या मनात वेगळंच होतं. ती म्हणाली, "डोळा खोटं का बोलतो, ते आधी शोधू. तो खरं बोलायला लागला की पहाऱ्याची गरजच नाही."

मामाला विचारण्यात अर्थ नव्हता. "यंत्राला हात लावायचा नाही," हे त्याने आधीच बजावलं होतं. म्हणून दुसऱ्या दुपारी घर झोपल्यावर कौतिकने शिडी लावली, डोळा उघडा ठेवून भोंग्याभोवती जाड गोधडी गुंडाळली, वरून सुतळी बांधली आणि मगच बटण दाबलं. भोंगा वाजला तरी आता तो फक्त गोधडीत गुणगुणत होता, माठात अडकलेल्या भुंग्यासारखा.

तिघं बदामाच्या झाडाखाली जाऊन पडली. बराच वेळ काहीच झालं नाही. रुखमाचे डोळे जड झाले. अर्धवट झोपेत तिला दोरीवरची लुगडी होड्यांच्या शिडांसारखी दिसू लागली. वारा आला की शिडं फुगत आणि त्यांच्या मागून शेजारच्यांच्या पत्र्याचं छप्पर लखकन चमके. वारा पडला की छप्पर पुन्हा झाकलं जाई. लखकन, आणि गोधडीतून गुणगुण. पुन्हा लखकन, पुन्हा गुणगुण.

ती ताडकन उठून बसली.

"लुगडी. त्याला लुगडी फसवतात. मागचा पत्रा तापलेला असतो. लुगडं बाजूला झालं की डोळ्याला एकदम ऊब लागते, त्याला वाटतं कुणीतरी आलं."

कौतिकने सगळी लुगडी भराभर काढली. वारा आला, पत्रा लखलखत राहिला, पण गोधडी गप्प होती. भटूने एक लुगडं पुन्हा दोरीवर टाकलं आणि झुळूक येताच गुणगुण सुरू झाली.

"पण आई कपडे दुसरीकडे वाळत घालणार नाही," कौतिक म्हणाला. "गच्चीवर रंग उडतात म्हणते."

"मग डोळ्याला तिकडचं दिसायलाच नको."

कौतिकच्या खणात वायरीला लावायची काळी चिकटपट्टी होती. त्याने डोळ्याचा वरचा अर्धा भाग झाकला. आता खालची दाराजवळची पायवाट तेवढी उघडी राहिली. लुगडी फडफडली तरी गोधडी गप्पच. मग मांजर टाकीवरून उतरलं, वाटीतलं दूध प्यायला पायवाटेवर आलं आणि गुणगुण झाली. भटूने वाटी उचलली आणि पुढच्या ओट्यावर नेऊन ठेवली. मांजर त्याच्यामागे गेलं.

त्यानंतर ऊन उतरेपर्यंत डोळा एकदाही खोटं बोलला नाही. मुलांनी गोधडी सोडली आणि बटण चालूच ठेवलं.

सूर्य कलला. मामी पीठ मळत होती. मामा नुकताच कामावरून येऊन हातपाय धूत होता. एवढ्यात भोंगा वाजला.

"कुणी लावलं ते बटण?" म्हणत मामा भिंतीकडे निघाला.

रुखमा मध्ये उभी राहिली. "मामा, बंद करू नका. या वेळी खरंच कुणीतरी गेलंय."

"अगं, रोजचंच आहे ते."

"आता ते रोजचं नाही. आधी खाट बघा."

मामा खोलीत डोकावला. खाट रिकामी होती. तो चप्पल शोधत असतानाच रुखमा आणि कौतिक मागच्या दाराने पळत सुटले होते.

तलावावर सोनेरी धूळ तरंगत होती. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. गाई पाण्यावर आल्या होत्या, त्यांच्या घंटा दूरच्या देवळातल्यासारख्या वाजत होत्या. आणि त्या सोन्यात, कमरेइतक्या पाण्यात, आबा उभे होते. ते हळूहळू पुढे चालले होते.

"पुढे खोल आहे," कौतिक कुजबुजला.

"तू मामाला इकडे आण. पळ."

रुखमा पाण्यात शिरली. पायाखालचा गाळ गार आणि मऊ होता. हाक मारली तर आबा दचकतील, ओढलं तर दोघंही पडतील, एवढं तिला कळलं. ती गुडघाभर पाण्यात थांबली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "आबा, कुठे निघालात?"

आबांनी वळून पाहिलं. "पानी चढी ऱ्हायनं, पोरी. गोठामा वासरू बांधेल शे. त्यानं दावं सोडानं शे."

पाणी चढतंय आणि गोठ्यात वासरू बांधलेलं आहे, म्हणून त्याचं दावं सोडायला ते निघाले होते. म्हणजे आबा इथे येत होते ते बुडालेल्या गावात जायला. गाव नाही, गोठा नाही, हे सांगून त्यांना पटलं नसतं. तिने काठाकडे पाहिलं. गाईंच्या मागे एक तांबडं वासरू पाण्यातून बाहेर पडत होतं आणि अंग झाडत होतं.

"आबा, ते बघा. वासरू सुटलं. पोहत वर आलं."

आबांनी डोळ्यांवर हात धरला.

"आपलंच शे का?"

"तांबडं आहे. चला, तुम्हीच ओळखा."

तिने हात पुढे केला. आबांनी तो धरला. एकेक पाऊल टाकत ती दोघं काठाला लागली, तेव्हा मामा धापा टाकत पोचला होता. आबा वासराच्या पाठीवरून ओला हात फिरवत राहिले. गुराख्याने गाई थांबवल्या. मामा तिथेच दगडावर बसला आणि त्याने तोंड ओंजळीत लपवलं.

घरी आल्यावर मामाने शिडी चढून काळी चिकटपट्टी नीट पाहिली.

"हे कुणी केलं?"

"तुम्ही हात लावू नका म्हणाला होतात," कौतिक चाचरत म्हणाला.

"बरं झालं ऐकलं नाहीत." मामा खाली उतरला. "मिस्त्रीने यंत्राला दोष दिला, मी बटण बंद करून मोकळा झालो. तुम्ही मात्र बसून पाहिलंत. रुखमा, आज तुझ्यामुळे माझे वडील घरी आले."

मामीने तिघांना जवळ ओढलं. तिच्या हाताचं पीठ भटूच्या केसांना लागलं.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर भोंगा एकदाच वाजला. कुणी वैतागलं नाही. मामी चूल विझवून उठली, मामाने दारात आबांचा हात धरला. "चला आबा, गुरं बघून येऊ," तो म्हणाला आणि सगळं घर त्यांच्या चालीने तलावाकडे निघालं.

काठावर बसल्यावर आबा बराच वेळ रुखमाकडे बघत होते. मग मामाकडे वळून म्हणाले, "गिरधर, ही पोर मोठी हुशार शे. कोनी शे रे?"

"आपलीच शे, आबा," मामा म्हणाला.

आबांनी मान डोलावली आणि रुखमाला बसायला आपल्याजवळ जागा करून दिली.